ओळ सापडते, गोष्ट हरवते : धावड्याच्या निमित्ताने इंग्रजी वाचनाचा विचार

मराठी माध्यमाच्या शाळेतील मूल इंग्रजीचा धडा मोठ्याने आणि बऱ्यापैकी शुद्ध वाचते, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरेही वहीत बरोबर उतरवते आणि तरीही त्या धड्यात काय घडले हे त्याला सांगता येत नाही, ही स्थिती ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे दोष म्हणून पाहण्याची सवयच मोडली आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव समोर ठेवून या स्थितीचा विचार करणे उपयोगाचे ठरते, कारण इथले मूल इंग्रजी ज्या परिस्थितीत शिकते तीच परिस्थिती राज्यातील बहुसंख्य मुलांची आहे, आणि शहरातील इंग्रजी शाळांचे अनुभव तिला फारसे लागू पडत नाहीत.

धावडा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूचे, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळचे गाव. पिंपळगाव रेणुकाई, वालसावंगी आणि धावडा हा पट्टा हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. उन्हाळ्यात ठिबकवर लावलेल्या मिरचीचा तोडा शाळा उघडण्याच्या सुमारासच सुरू होतो, आणि ज्या घरांत सगळेच हात शेतात लागतात तिथे मुलाच्या हजेरीवर त्याचा परिणाम होणे अटळ असते. तालुक्यात मराठीबरोबर उर्दू बोलणारी आणि तांड्यांवर गोरमाटी बोलणारी कुटुंबेही आहेत, म्हणजे काही मुलांसाठी इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी भाषा असते. गावात इंग्रजी अक्षरे दिसत नाहीत असे मात्र नाही. बियाण्याच्या पाकिटावर, खताच्या गोणीवर, मोबाइलच्या पडद्यावर आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर ती रोज दिसतात. बाटलीवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणावरून औषध किती विषारी आहे हे न वाचताही कळते, परंतु मात्रा किती घ्यावी आणि फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये हे सांगणारा बारीक मजकूर वाचून समजावाच लागतो. गावातले इंग्रजी असे सुट्या शब्दांचे आहे. सलग वाक्यांचे, एकातून दुसरे निघणाऱ्या वाक्यांचे इंग्रजी मुलाला वर्गाबाहेर जवळपास कुठेच भेटत नाही.

या अभावाला इतिहासही आहे. 1948पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, राज्यकारभार उर्दूतून चालत असे आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचा प्रयोग केला. पुण्या-मुंबईकडील मराठी मध्यमवर्गात चार-पाच पिढ्या इंग्रजी पुस्तके फिरत राहिली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घरेच्या घरे इंग्रजी शिकली, तसे या भागातील शेतकरी घरांत घडू शकले नाही. पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीपासून शिकवली जात राहिली आणि जून 2000पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती सर्व मराठी शाळांत पहिलीपासून सुरू झाली. निर्णय समतेच्या भूमिकेतून झाला होता आणि ती भूमिका योग्यच होती. पण वर्षे वाढवल्याने वाचन वाढत नाही, हे गेल्या पंचवीस वर्षांत पुरेसे स्पष्ट झाले आहे. मुलाच्या हातात वर्षाकाठी इंग्रजीचे एकच पुस्तक पडते, आणि तेही वाचण्यासाठी कमी, परीक्षेसाठी जास्त असते.

वाचनाच्या अभ्यासकांनी या प्रश्नाची फोड फार नेमकी केलेली आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी 1986 साली मांडलेल्या सूत्रानुसार वाचनातील आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार असतो : एक, छापील अक्षरांवरून शब्द ओळखण्याची म्हणजे उकल करण्याची क्षमता, आणि दुसरी, तेच शब्द कानावर पडले असते तर समजण्याची म्हणजे भाषेच्या आकलनाची क्षमता. ही बेरीज नसून गुणाकार आहे, यातच सूत्राचे मर्म आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही वाढवली तरी फळ शून्यच राहते. मराठी मूल मराठी वाचायला शिकते तेव्हा भाषा त्याला आधीच येत असते, फक्त उकल शिकायची असते. इंग्रजी वाचताना त्याला दोन्ही एकाच वेळी, आणि तेही एकाच पुस्तकातून, शिकावे लागते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीच्या 2023च्या अहवालात देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील 14 ते 18 वयोगटाची जी चाचणी झाली, तिच्यात 57.3 टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकी 73.5 टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे अगदी साधी, एकेकटी वाक्ये वाचू शकणाऱ्या दर चार मुलांपैकी एकाला आपण काय वाचले हे कळलेले नव्हते. सुट्या वाक्यांची ही गत असेल तर परिच्छेदाची काय असेल, याचा अंदाज करता येतो.

हा दोष परीक्षेत का दिसत नाही, हे एका बनावट वाक्यावरून ध्यानात येईल : ‘द मिप लिफ्टेड द ग्रिंप अँड रॅन टू द डॉल्म.’ यातील मिप, ग्रिंप आणि डॉल्म हे शब्द इंग्रजीत नाहीत. तरीही ‘हू लिफ्टेड द ग्रिंप?’ या प्रश्नाचे उत्तर ‘द मिप’ आणि ‘व्हेअर डिड द मिप रन?’ याचे उत्तर ‘टू द डॉल्म’ असे कोणीही लिहील आणि पूर्ण गुण मिळवील. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ती ओळ उचलायची आणि वहीत उतरवायची, हे कौशल्य मुले चौथी-पाचवीपर्यंत आपापले कमावतात, गाइड ते पक्के करते आणि वर्ग त्यालाच वाचन समजू लागतो. ओळ हाती लागते म्हणून कोणालाच शंका येत नाही, आणि समज न येताच मूल वरच्या वर्गात जाते. आकलन घडले की नाही हे पाहायचे असेल तर ज्याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत नाही असा प्रश्न विचारावा लागतो, आणि असे प्रश्न सुट्या वाक्यांवर किंवा माहितीपर उताऱ्यांवर काढणे अवघड असले तरी गोष्टीवर ते सहज निघतात. छोटी गोष्ट इंग्रजीच्या तासाला आणण्याचे खरे कारण हे आहे. मुलांना गोष्टी आवडतात, हे कारण त्यानंतरचे.

गोष्टीला स्वतःची रचना असते. कोणीतरी, कुठेतरी असतो, त्याला काहीतरी हवे असते, वाटेत अडचण येते, तो काहीतरी करतो आणि त्याचे काहीतरी होते. या रचनेला अभ्यासक कथेचे व्याकरण म्हणतात आणि 1970च्या दशकात डेव्हिड रुमेलहार्ट, नॅन्सी स्टाइन व क्रिस्टीन ग्लेन यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. धावड्याचे मूल शाळेत येते तेव्हा हे व्याकरण त्याला आजीच्या गोष्टींतून, कीर्तनातल्या आख्यानांतून, पोळा-नागपंचमीच्या कहाण्यांतून आधीच अवगत झालेले असते. इंग्रजीचे व्याकरण त्याच्यापाशी नसते, पण गोष्टीचे असते, आणि या दुसऱ्याच्या आधाराने पहिल्याकडे जाता येते. पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येत असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ तो प्रसंगावरून लावू शकतो. मनात आधीच असलेल्या माहितीचा जो साचा नव्या मजकुराला अर्थ देतो, त्याचे महत्त्व फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 सालीच दाखवले होते. आणि 1988मध्ये डोना रेक्ट व लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेली, पण वाचनात कच्ची ठरलेली मुले त्या खेळावरील उतारा समजण्यात माहिती नसलेल्या हुशार वाचकांपेक्षा सरस ठरली. याचा धावड्यापुरता अर्थ सरळ आहे : बर्फाच्या माणसावरची गोष्ट इथल्या मुलाला दुहेरी अवघड जाते आणि आंब्याच्या झाडावरची गोष्ट निम्मी आधीच कळलेली असते.

आंब्याच्या झाडाची एक जुनी गोष्ट धावड्याच्या शेजारीच, अजिंठ्याच्या 17व्या लेणीत भिंतीवर रंगवलेली आहे. महाकपी जातक या नावाने ती ओळखली जाते. वानरांचा एक राजा आपल्या कळपासह नदीकाठच्या आंब्यावर राहतो. झाडाची एक फांदी नदीवर झुकलेली असते आणि त्या फांदीवरचे सगळे आंबे आधीच काढून टाका, असे तो कळपाला बजावतो. एक आंबा पानाआड राहून जातो, पाण्यात पडतो, वाहत जाऊन मनुष्यांच्या राजाच्या हाती लागतो, आणि त्या चवीच्या मागावर राजा धनुर्धारी घेऊन झाडाखाली येतो. वानरराजा नदीपार उडी घेतो, वेत कमरेला बांधून परततो, वेत थोडा अपुरा पडतो म्हणून स्वतःच फांदीला धरून पूल होतो आणि कळप त्याच्या पाठीवरून पलीकडे जातो. ही कथा साध्या इंग्रजीत दीड-पावणेदोनशे शब्दांत बसते. किंग, रिव्हर, ट्री, मंकी, मँगो, जंप हे शब्द पाचवी-सहावीच्या मुलाला माहीत असतात. नवे म्हणून ब्रँच, अॅरो आणि ब्रिज एवढेच शिकवावे लागतात.

आता या गोष्टीवर दोन प्रकारचे प्रश्न काढून पाहावेत. ‘व्हेअर डिड द मँगो फॉल?’ याला ‘इन द रिव्हर’ हे उत्तर ओळीतच आहे आणि ते न समजताही लिहिता येते. परंतु ‘त्याच फांदीवरचे आंबे काढायला वानरराजाने का सांगितले?’ या प्रश्नाचे उत्तर कथेत कुठेही लिहिलेले नाही. फांदी नदीवर आहे हे एका वाक्यात, आंबा पाण्यात पडला हे दुसऱ्यात आणि राजाने तो चाखला हे तिसऱ्यात आहे. या तिन्हींना जोडून, नदी माणसांच्या वस्तीकडे वाहते या स्वतःच्या माहितीतल्या चौथ्या गोष्टीची भर घालून, वानरराजाला पुढचे संकट आधीच दिसले होते हे मुलाने ताडायचे असते. सांगितलेल्यावरून न सांगितलेले काढण्याच्या या क्रियेला अनुमान म्हणतात, आणि वाचनातील आकलन हे प्रामुख्याने अनुमानांचेच बनलेले असते. शेलूदच्या धामणा धरणाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला या अनुमानासाठी लागणारी माहिती बाहेरून द्यावी लागत नाही; त्याला फक्त इंग्रजी वाक्यांपर्यंत ती माहिती घेऊन जायला शिकवायचे असते.

अशा प्रश्नाचे उत्तर मुलाने मराठीत दिले तर ते स्वीकारावे का, यावर शिक्षकांत मतभेद असतात आणि इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलली जावी असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. हा आग्रह आकलनाच्या दृष्टीने हानिकारक आहे. ज्या मुलाच्या इंग्रजीत ‘कारण त्याला आधीच समजले होते की…’ एवढे वाक्य उभे राहू शकत नाही, त्याला इंग्रजीतच उत्तर मागणे म्हणजे त्याला पुन्हा ओळ शोधायला धाडणे होय. विचार घरच्या बोलीत, मग ती मराठी असो, गोरमाटी असो की उर्दू, पूर्ण होऊ द्यावा आणि नंतर शिक्षकाने त्यातला गाभा एका छोट्या इंग्रजी वाक्यात फळ्यावर मांडावा, हा क्रम जास्त फलदायी आहे. याउलट प्रत्येक ओळ वाचून लगेच तिचे भाषांतर सांगण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिच्यात अर्थ लावण्याचे काम शिक्षकच उरकून टाकतो आणि मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. मराठीचा वापर या दोन्ही पद्धतींत होतो, परंतु पहिलीत तो विचारासाठी होतो आणि दुसरीत विचार टाळण्यासाठी.

दुसरी एक रूढी आपल्या बालसाहित्याच्या उगमापासूनच चालत आली आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828च्या सुमारास इसापच्या कथा मराठीत आणल्या तेव्हापासून गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असणे हे शालेय कथेचे लक्षणच होऊन बसले. इंग्रजीच्या तासाला या तात्पर्याने नुकसान होते. ‘मॉरल’ म्हणून एक वाक्य फळ्यावर लिहिले जाते, मुले ते पाठ करतात आणि वानरराजाने वेत तोकडा पडल्यावर नेमके काय केले याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. तात्पर्य सांगून टाकण्यापेक्षा शेवटचे वाक्य झाकून पुढे काय झाले असेल हे विचारणे, किंवा घटनांच्या चिठ्ठ्या विस्कटून क्रमाने लावायला देणे, यातून आकलन अधिक खात्रीने घडते आणि त्याला कागदाच्या चार तुकड्यांपलीकडे साधनही लागत नाही.

गोष्टींनी इंग्रजी सुधारते याचा एक भक्कम पुरावा ज्या देशातून आला, तो देश भारतीय वाचकाला परका नाही. फिजीमध्ये ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज आणि मूळचे फिजीयन अशा दोन्ही समाजांची मुले शाळेत इंग्रजी शिकतात, पण घरी हिंदी किंवा फिजीयन बोलतात. 1980च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी तिथल्या ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतील सचित्र गोष्टींची प्रत्येकी सुमारे 250 पुस्तके दिली. काही वर्गांत मुलांनी ती नुसती वाचली, काहींत शिक्षकाने मुलांसोबत एकत्र वाचून त्यांवर गप्पा मारल्या, आणि तुलनेसाठी ठेवलेले वर्ग नेहमीप्रमाणे वाक्यरचनांचे सराव करत राहिले. आठ महिन्यांनंतर गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचन व श्रवण आकलनातील प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झालेली आढळली, आणि पुढच्या वर्षी तिचा परिणाम लेखनावरही दिसला. 1983 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग ‘पुस्तकांचा पूर’ या नावाने ओळखला जातो. धावड्यासारख्या गावासाठी त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की शिक्षकांचे इंग्रजी सुधारण्याची वाट पाहत कोणी थांबले नव्हते. पुस्तके आली, रोज वीस-तीस मिनिटे वाचली गेली, एवढ्यावर फरक पडला.

मात्र पुस्तके कोणती, याला महत्त्व आहे. 1920च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांच्या लक्षात आले होते की बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत एकेका पानावर नव्या शब्दांची गर्दी असते आणि त्यामुळे वाचन कधी सुरूच होत नाही; त्यांनी नवे शब्द विरळ पेरलेली वाचनमाला तयार केली. पुढे 2000 साली हू आणि नेशन या अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष असा की मदतीशिवाय कथा नीट समजायची तर तिच्यातील सुमारे 98 टक्के शब्द आधीपासून माहीत असावे लागतात. शंभर शब्दांत अनोळखी दोनच. शिक्षक सोबत असेल तर चार-पाच चालतील. या कसोटीवर बहुतेक पाठ्यपुस्तकांतील सातवी-आठवीचे धडे मुलासाठी फार पुढचे ठरतात. धडा सखोल वाचनासाठी, म्हणजे शिक्षकाच्या मदतीने एकेक वाक्य उलगडण्यासाठी, राहू द्यावा. पण त्याच्या जोडीला विपुल वाचन, म्हणजे सोप्या गोष्टी भरपूर आणि सलग वाचणे, हवेच. सातवीच्या मुलाने तिसरीच्या पातळीची इंग्रजी गोष्ट वाचण्यात कमीपणा मानू नये, हे पालकांनाही समजावून सांगावे लागेल.

साधनांची सबब आता पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था स्वस्त बालपुस्तके काढतात. 2004 साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने 2015मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे मुक्त भांडार उघडले असून त्यात गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ गोष्टी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मोफत मिळतात. समग्र शिक्षा अभियानातून शासकीय शाळांना त्यांच्या स्तरानुसार दरवर्षी 5000 ते 20000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ संस्थेने ‘गोष्टरंग’ उपक्रमातून नट-नट्यांना आदिवासी शाळांत नेऊन गोष्टी रंगमंचीय रूपात सादर केल्या आणि मग तीच पुस्तके मुलांच्या हाती दिली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या कामानेही वाचन म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्थ, ही भूमिका धरली. ही कामे मुख्यतः मराठीतली आहेत, पण त्यांतली रीत इंग्रजीच्या वर्गाला तशीच उचलता येण्यासारखी आहे. इंग्रजीच्या अध्यापनासाठी राज्याने उभारलेली प्रशिक्षण संस्था तर छत्रपती संभाजीनगरातच, म्हणजे धावड्याच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

अडचण आहे ती वेळेची आणि मोजमापाची. शासनाच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांत इंग्रजीचा समावेश झाला हे चांगलेच झाले, पण जोपर्यंत उताऱ्यावरील बहुतांश प्रश्न ओळीत उत्तर सापडणारे असतील तोपर्यंत शिक्षक ओळच शोधायला शिकवील, आणि त्याला दोष देता येणार नाही. प्रत्येक उताऱ्यावर निदान एक प्रश्न अनुमानाचा असावा आणि त्याचे उत्तर मातृभाषेत लिहिले तरी गुण मिळावेत, एवढा बदल खर्चाशिवाय होऊ शकतो. मिरचीच्या हंगामात ज्यांची हजेरी तुटते त्या मुलांचा विचार केला तरी छोटी गोष्टच सोयीची ठरते, कारण ती एका तासात सुरू होऊन त्याच तासात संपते आणि काल न आलेल्या मुलाचे आज काही अडत नाही. लांबलचक धड्याच्या बाबतीत हे शक्य नसते.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून आणि संभाजीनगरहून गावाकडे येणाऱ्या वाचकांनी येताना फटाक्यांच्या पिशवीसोबत इंग्रजीतील चार-पाच पातळ, मोठ्या अक्षरांची, आठ-दहा ओळींत पान संपणारी गोष्टींची पुस्तके आणावीत, त्यांतले एखादे घरातल्या मुलाबरोबर बसून वाचावे, प्रत्येक पानावर ‘आता काय होईल?’ एवढेच मराठीत विचारावे, आणि सुट्टी संपल्यावर ती पुस्तके गावच्या जिल्हा परिषद शाळेत देऊन जावीत.